२१ ऑक्टोबरची यादी: पोलीस स्मृतिदिनाची पार्श्वभूमी

दरवर्षी २१ ऑक्टोबरला सकाळी राज्यातल्या जिल्हा पोलीस मुख्यालयांत आणि आयुक्तालयांत शोक परेड होते. पुष्पचक्रं वाहिली जातात, वर्षभरात देशात कर्तव्यावर मृत्यू आलेल्या पोलिसांची नावं वाचली जातात, हवेत तीन फैरी झडतात. राज्याचा मुख्य कार्यक्रम मुंबईत, नायगाव पोलीस मुख्यालयाच्या हुतात्मा मैदानावर असतो. नाकाबंदीत ट्रकने उडवलेला आपल्या जिल्ह्यातला हवालदार आणि छत्तीसगडमध्ये भूसुरुंगाच्या स्फोटात गेलेला केंद्रीय दलाचा जवान, दोघांची नावं एकाच यादीत येतात. तारीख मात्र या दोघांच्याही गावापासून फार लांबची, लडाखची आहे.

१९५९ सालापर्यंत तिबेटला लागून असलेली सुमारे अडीच हजार मैलांची सीमा सांभाळणं हे लष्कराचं नव्हे, पोलिसांचं काम होतं. ईशान्य लडाखमध्ये चांग चेन्मो नदीच्या खोऱ्यात हॉट स्प्रिंग्ज इथे पोलिसांचा तळ होता. लनक ला खिंडीकडे एक मोहीम न्यायची होती. तिच्या तयारीसाठी २० ऑक्टोबर १९५९ रोजी या तळावरून तीन टेहळणी तुकड्या निघाल्या. दोन तुकड्या दुपारपर्यंत परतल्या. दोन शिपाई आणि एक हमाल अशी तिसरी तुकडी आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गुप्तवार्ता विभागाचे अधिकारी करमसिंग वीसेक माणसं घेऊन घोड्यांवरून शोधाला निघाले. बाकीचे तीन गटांत पायी मागून येत होते. दुपारच्या सुमारास एका टेकडीवरून चिनी सैनिकांनी गोळीबार सुरू केला आणि हातबॉम्ब टाकले. आडोसा नव्हताच. दहा पोलीस ठार झाले, सात जखमी अवस्थेत पकडले गेले, उरलेले निसटले. मृतदेह ताब्यात मिळायला १३ नोव्हेंबर उजाडला. अंत्यसंस्कार तिथेच, हॉट स्प्रिंग्जला, पोलीस इतमामात झाले.

ही घटना १९६२ च्या युद्धातली असल्याचं भाषणांत आणि बातम्यांत सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. युद्धाला तेव्हा तीन वर्षं अवकाश होता, आणि मेलेले सैनिक नव्हते. या चकमकीनंतरच लडाखची सीमा लष्कराकडे गेली. भारत-तिबेट सीमा पोलीस दल उभं राहिलं ते २४ ऑक्टोबर १९६२ ला.

जानेवारी १९६० मध्ये राज्यांच्या पोलीस महानिरीक्षकांच्या वार्षिक परिषदेत दोन गोष्टी ठरल्या. २१ ऑक्टोबर हा दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळायचा आणि हॉट स्प्रिंग्जला स्मारक उभारायचं. तेव्हापासून वेगवेगळ्या राज्यांच्या पोलीस दलांतली निवडक माणसं तिथे अभिवादनाला जातात. सुमारे सोळा हजार फुटांवर जायचं म्हणजे लेहला उतरल्या उतरल्या निघून चालत नाही. हवेची सवय होण्यासाठी मुक्काम करावा लागतो, आणि घाई केली तर धडधाकट माणूसही डोकेदुखी, उलट्या आणि धाप लागण्याने आडवा होतो. गोग्रा-हॉट स्प्रिंग्ज हा टापू २०२० नंतर भारत-चीन तणावामुळे पुन्हा बातम्यांत आला तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. पोलिसांच्या परेडमध्ये ते साठ वर्षं उच्चारलं जात होतं.

परिषदेने निवडलेल्या तारखेत आणखी एक सोय होती. स्वातंत्र्याआधी मेलेल्या पोलिसांची आठवण ठेवणं अवघड होऊन बसलं होतं. ४ फेब्रुवारी १९२२ ला चौरीचौरा इथे जमावाने पोलीस ठाणं पेटवलं, त्यात बावीसेक पोलीस मेले आणि ब्रिटिश सरकारने त्यांचं स्मारक उभारलं. त्याच प्रकरणात फाशी गेलेल्या एकोणीस जणांचं स्मारक व्हायला मात्र स्वातंत्र्यानंतरची काही दशकं जावी लागली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये आष्टी आणि चिमूरलाही पोलीस मारले गेले. आष्टी-चिमूर म्हटलं की विदर्भात आजही आठवतात ते गोळीबारात पडलेले आणि तुरुंगात खितपत पडलेले आंदोलक, आणि ते साहजिक आहे. पोलीस तिथे परक्या सरकारचे होते. मुंबईत तर १९६० साली जखम ताजी होती. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात पोलिसांच्याच गोळ्यांनी माणसं पडली होती, आणि महानिरीक्षकांच्या ठरावानंतर चार महिन्यांच्या आत राज्य झालं. फ्लोरा फाउंटनजवळ हुतात्म्यांचं स्मारक उभं राहिलं. अशा वातावरणात पोलिसांच्या बलिदानासाठी देशांतर्गत बंदोबस्तातली कुठलीही तारीख निवडली असती तर तिच्या दुसऱ्या बाजूला कुणीतरी नागरिक उभा राहिलाच असता. हॉट स्प्रिंग्जच्या घटनेत ही अडचण नव्हती. ठरावात हे कारण लिहिलेलं असण्याची गरज नाही. परिणाम असा झाला की तारखेबद्दल कुठेच वाद झाला नाही.

शौर्याची पदकं स्मृतिदिनाहून जुनी आहेत. किंग्ज पोलीस मेडल १९०९ साली सुरू झालं, प्रजासत्ताकाची पोलीस पदकं १९५१ मध्ये आली, आणि अलीकडे शौर्य व सेवेच्या वेगवेगळ्या पदकांची फेररचना होऊन राष्ट्रपती शौर्य पदक आणि शौर्य पदक अशी नावं झाली. पण पदक हे केलेल्या कृतीसाठी असतं. स्मृतिदिनाच्या यादीत यायला पराक्रम दाखवावा लागत नाही. कर्तव्य बजावताना मृत्यू आला एवढं पुरतं. हा फरक नातेवाइकांना बऱ्याचदा कुणी नीट समजावून सांगत नाही, आणि मग ‘यादीत नाव आहे, मग पदक का नाही’ असा प्रश्न घेऊन ते मुख्यालयात खेपा घालत राहतात. त्यातच ‘शहीद’ असा अधिकृत दर्जा सरकारी नोंदीत लष्करालाही नाही आणि पोलिसांनाही नाही. सानुग्रह अनुदान, निवृत्तिवेतन, अनुकंपा नियुक्ती हे सगळं भाषणातल्या उपाधीवर नव्हे, तर मृत्यू कर्तव्यावर असताना झाला या निष्कर्षावर उभं असतं.

तो निष्कर्ष कागदावर टिकतो किंवा पडतो. ड्युटीचा लेखी आदेश, स्टेशन डायरीत रवानगीची वेळ, पहिली खबर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल. चकमकीत किंवा स्फोटात गेलेल्या माणसाच्या बाबतीत हे कागद आपोआप तयार होतात, कारण सगळी यंत्रणा जागी झालेली असते. घोळ होतो तो साध्या मृत्यूंत. रात्रगस्तीला निघालेल्या शिपायाला ठाण्यातून तोंडी पाठवलेलं असतं आणि डायरीत रवानगीच नसते. किंवा ड्युटी संपवून घरी जाताना वाटेत भांडण सोडवायला थांबलेला हवालदार मारला जातो आणि डायरीप्रमाणे तो सुटलेला असतो. अशा वेळी घटक प्रमुखाचा, म्हणजे जिल्ह्याच्या अधीक्षकाचा किंवा आयुक्ताचा प्रस्ताव किती तपशिलात लिहिला आहे यावर सगळं अवलंबून राहतं. जखमी होऊन काही महिन्यांनी रुग्णालयात मृत्यू आला तर मूळ जखम आणि मृत्यू यांचा संबंध वैद्यकीय कागदांत स्पष्ट लिहून घ्यावा लागतो. नुसतं ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ असं लिहिलं की प्रकरण अडकलंच.

यादीचं वर्षही कॅलेंडरचं नाही. १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या काळातली नावं २१ ऑक्टोबरला वाचली जातात. मधले सात आठवडे राज्यांकडून नावं गोळा करून तपासण्यात जातात. याचा विचित्र परिणाम महाराष्ट्राने २००९ मध्ये अनुभवला. त्या वर्षी गडचिरोलीत १ फेब्रुवारीला मरकेगावला पंधरा, २१ मे रोजी हत्तीगोट्याला पाच महिला पोलिसांसह सोळा आणि ८ ऑक्टोबरला लाहेरीला सतरा पोलीस गेले. पहिल्या दोन घटना आणि त्याआधीचा २६/११ चा हल्ला हे सगळं एकाच यादीवर्षात बसतं. लाहेरीची घटना मात्र स्मृतिदिनाच्या अवघ्या तेरा दिवस आधीची असूनही ३१ ऑगस्टच्या पलीकडे पडते आणि नियमाने पुढच्या वर्षीच्या यादीत जाते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मृत्यू आलेल्याचं नाव तर वाचलं जाईपर्यंत तेरा महिने उलटतात. घरच्यांना हे आधी सांगितलेलं नसेल तर परेडला बोलावूनही नाव न ऐकून परत जाण्याची वेळ येते.

२६/११ च्या रात्री हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत, तर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत पडले. ओंबळ्यांच्या हातात लाठी होती. त्यांनी अजमल कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली म्हणून तो जिवंत सापडला. या चौघांना २६ जानेवारी २००९ रोजी अशोकचक्र जाहीर झालं. (२०२१ मध्ये कल्याण परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या नव्या प्रजातीला संशोधकांनी इसियस तुकारामी हे नाव दिलं. सरकारी स्मारकांपेक्षा ही कल्पना कितीतरी ताजी आहे.)

गडचिरोलीत यादीची आणखी एक मर्यादा दिसते. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती दलाचे पंधरा पोलीस आणि त्यांच्या खासगी गाडीचा चालक ठार झाला. यादी पोलिसांची; चालक पोलीस नव्हता. हॉट स्प्रिंग्जच्या हरवलेल्या तुकडीतही एक हमाल होताच. अशा माणसांची आठवण ठेवायची तर ती स्थानिक पातळीवरच ठेवावी लागते, आणि जिल्हा मुख्यालयातल्या स्मारकाच्या शिळेचं खरं काम तेच आहे. शिळा कोरताना तिच्यावर पुढच्या नावांसाठी जागा सोडायला सहसा विसरतात, कारण जागा सोडणं अपशकुनी वाटतं. मग काही वर्षांनी कडेला वेगळ्या दगडाची, वेगळ्या अक्षराची पाटी ठोकावी लागते.

दिल्लीतल्या राष्ट्रीय स्मारकाला तर याहून जास्त खस्ता खाव्या लागल्या. चाणक्यपुरीत २००२ मध्ये पायाभरणी झाली, पोलादी बांधकाम उभंही राहिलं, आणि दिल्लीच्या रिजच्या, म्हणजे तिथल्या जंगलव्याप्त टेकड्यांच्या पर्यावरणाच्या मुद्द्यावर न्यायालयीन आदेशाने ते २००८ मध्ये उतरवावं लागलं. त्याच जागी २१ ऑक्टोबर २०१८ रोजी आजचं स्मारक खुलं झालं. तीस फूट उंच, २३८ टन वजनाची एकसंध काळ्या ग्रॅनाइटची शिळा, तिच्याभोवती नावं कोरलेली शौर्यभिंत, आणि जमिनीखाली संग्रहालय. स्वातंत्र्यापासून तोवरची ३४,८४४ नावं भिंतीसाठी जमवली गेली. पुढच्याच स्मृतिदिनी आकडा २९२ ने वाढून ३५,१३६ झाला.

जवळपास तीनशे नावं वाचायला किती वेळ लागतो याचा हिशेब परेड आखणाऱ्याने आधी करावा. पद, नाव, दल असं नीट म्हटलं तर एका नावाला चार सेकंद, म्हणजे एकोणीस-वीस मिनिटं. एवढा वेळ उन्हात गुडघे आवळून ताठ उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि रांगेतला एखादा कोसळतो. बुटातल्या बुटात बोटं हलवत राहणं आणि सकाळी काहीतरी खाऊन येणं एवढ्याने हे बरंचसं टळतं. वाचणाऱ्याची अडचण वेगळी. यादी बहुतेक वेळा इंग्रजी लिपीतून देवनागरीत उतरवलेली असते, त्यामुळे मणिपुरी, तमिळ, खासी नावांची वाट लागते. आदल्या दिवशी त्या त्या राज्यातल्या माणसाला फोन करून उच्चार विचारले तर प्रश्न मिटतो, पण ते होत नाही.

शोक शस्त्राच्या हुकमावर बंदूक उलटी होते, नळी डाव्या बुटाच्या टोकावर टेकते, तळवे दस्त्यावर येतात आणि मान झुकते. बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही निरोपाची धून, मौन, मग ‘राऊज’ ही जागं करणारी धून. फैरींसाठी ब्लँक राउंड असतात, आणि फजिती इथेच होते. एसएलआर रायफल एरवी गोळीमागच्या वायूच्या दाबावर पुढची गोळी आपणच भरते. ब्लँकमध्ये पुढे गोळीच नसल्याने नळीत तेवढा दाब तयार होत नाही आणि यंत्रणा मागे सरकत नाही. म्हणून प्रत्येक फैरीनंतर हाताने कॉक करावं, म्हणजे खटका मागे ओढून पुढचा राउंड भरावा लागतो, आणि ते सगळ्यांनी एका ठोक्यात केलं नाही तर दुसरी फैर फुटाण्यांसारखी विस्कळीत वाजते. राउंड जुने किंवा दमट असतील तर वाजतच नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये बिहारमधल्या सुपौलला एका माजी मुख्यमंत्र्यांच्या अंत्यसंस्कारात वीसहून अधिक रायफलींपैकी एकही उडाली नव्हती. सरावाला ज्या पेटीतले राउंड वापरले त्याच पेटीतले परेडला ठेवणं आणि उरलेले पावसाळाभर कोतमध्ये (शस्त्रं ठेवायच्या खोलीत) उघड्या पेटीत न ठेवणं हा त्यावरचा उपाय आहे.

तिरंग्याचा नियम स्मृतिदिनाच्या नव्हे, तर अंत्यसंस्काराच्या दिवशी लागू होतो, आणि घाईत तोच चुकतो. ध्वजसंहितेप्रमाणे शासकीय इतमामाच्या, लष्करी आणि केंद्रीय निमलष्करी दलांच्या अंत्यविधीत तिरडीवर किंवा शवपेटीवर ध्वज पांघरतात. राज्याच्या पोलिसासाठी त्यामुळे शासकीय इतमामाचा आदेश आधी हातात हवा. केशरी पट्टा डोक्याकडे. ध्वज चितेत जाता कामा नये, थडग्यातही नाही. अग्नी देण्यापूर्वी तो काढून, घडी करून कुटुंबाच्या हाती देतात. खेड्यात गर्दी सरणाला खेटून उभी असते आणि घडी घालायला चार हात जागाही मिळत नाही, म्हणून ध्वज सरणावर ठेवण्याआधी, तिरडी खाली टेकवलेली असतानाच उतरवून घ्यावा.