लिपिड द्रवस्फटिक : जखमेवरील औषधवाहक

लिपिड द्रवस्फटिक म्हणजे लिपिडाचे (मेदद्रव्याचे) रेणू पाण्याशी गाठ पडताच आपोआप शिस्तीत लागून तयार होणारा पदार्थ. त्यातले रेणू द्रवासारखे हलते राहतात, पण त्यांची मांडणी स्फटिकासारखी ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा येते. ओल्या साबणदाणीत विसरलेल्या वडीच्या बुडाशी जमणारा बुळबुळीत थर याच कुळातला. साबण, पेशींची आवरणे आणि आपल्या त्वचेच्या वरच्या थरातील सेरामाइड व कोलेस्टेरॉल या मेदद्रव्यांचे पदर या सगळ्यांत ही किंवा हिच्याशी मिळतीजुळती रचना आढळते. त्यामुळे जखमेवर औषध धरून ठेवायला आणि ते सावकाश सोडायला या पदार्थांचा विचार होणे स्वाभाविकच आहे.

द्रवस्फटिकांचा शोध १८८८ चा. प्रागमध्ये काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख राइनित्सर यांना कोलेस्टेरिल बेंझोएट १४५.५° से.ला वितळून गढूळ आणि १७८.५° से.ला नितळ होताना दिसले. ऑटो लेमान यांनी अशा पदार्थांना द्रवस्फटिक म्हटले. तो प्रकार तापमानावर अवलंबून होता. लिपिडांची रचना मात्र मुख्यतः पाण्याच्या प्रमाणावर ठरते. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये व्हित्तोरियो लुझाती यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने या रचना उलगडल्या. पुढे स्वीडनमधील लुंड येथे कोरे लार्सन यांनी लिपिड-पाणी मिश्रणांतील घनीय रचनांचा सखोल अभ्यास केला.

रचना कोणती होणार हे रेणूच्या आकारावर ठरते. लिपिडाला पाण्याची ओढ असणारे डोके आणि पाणी टाळणारी शेपटी असते. डोके व शेपटी सारख्याच रुंदीची असली तर सपाट पदर एकावर एक बसतात. ही पटलित प्रावस्था (प्रावस्था म्हणजे पदार्थाचे विशिष्ट मांडणीचे रूप). शेपटी पसरट असेल तर पदर वाकतात आणि पाणी आत कोंडले जाते. त्यातून एक तर दुहेरी पदराच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या एकमेकींना न मिळणाऱ्या दोन जाळ्या राहतात (घनीय प्रावस्था), किंवा पाण्याच्या लांब नळ्या षट्कोनी रचनेत शेजारी शेजारी लागतात (षट्कोनी प्रावस्था). सर्वांत जास्त अभ्यासलेले लिपिड म्हणजे मोनोओलीन. ते खाद्यपदार्थांतही वापरले जाते. शरीराच्या तापमानाला भरपूर पाण्यात ते घनीय रूप घेते आणि ठराविक मर्यादेपुढे आणखी पाणी शोषत नाही, म्हणून विरघळून वाहून जात नाही. त्यातील जलमार्ग सुमारे ५ नॅनोमीटर रुंद असतात. हे घट्ट, पारदर्शक जेल ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली काळेच दिसते, कारण त्याची रचना सर्व दिशांना सारखी असते. षट्कोनी रूप मात्र पंख्यासारख्या आकृत्यांनी उजळते.

जखम कोरडी ठेवून खपली धरू द्यावी, हा समज घराघरांत आहे. ब्रिटिश संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या उथळ जखमांवर प्रयोग केला. पॉलिथिनने झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने पसरली. ओलाव्याची ही गरज आणि द्रवस्फटिकांचा स्वभाव यांचा मेळ फार सुरेख बसतो, आणि या पदार्थांचे खरे बळ मला तिथेच दिसते. कमी पाण्याचे किंवा थोडे अल्कोहोल घातलेले लिपिड पातळ असते, त्यामुळे ते फवारता किंवा पसरता येते. जखमेतून पाझरणारी लस त्याला लागली की ते जागच्या जागी घट्ट होते. जेल घडवायला लागणारे पाणी जखमच पुरवते. वेडीवाकडी, खोल जखमही अशा रीतीने भरून काढता येते. तयार पट्टी तिथे कमी पडते.

पाण्यात विरघळणारे औषध जलमार्गांत राहते, तर तेलकट औषध लिपिडाच्या पदरात शिरते. औषध बाहेर पडते विसरणाने, म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे आपोआप पसरत; त्यामुळे ते सुरुवातीला भरभर सुटते आणि मग मंद होत जाते. षट्कोनी रूपातील नळ्या बाहेर सहज उघडत नसल्याने पाण्यात विरघळणारी औषधे त्यातून घनीय रूपापेक्षा हळू सुटतात.

प्रथिनांच्या जातीची औषधे जखमेतील विकरे (एन्झाइम) लवकर तोडून टाकतात, तिथे हे आवरण विशेष उपयोगी पडते. जीवाणूंना मारणारे एलएल-३७ हे मानवी पेप्टाइड (प्रथिनाच्या छोट्या तुकड्यासारखा रेणू) क्युबोसोममध्ये, म्हणजे घनीय जेलच्या नॅनोकणांत, भरून स्वीडनमधील संशोधकांनी त्याची परीक्षा घेतली आहे. आपल्या वाचकांना जवळचे उदाहरण हळदीचे. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये दिले गेले होते. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर या भारताच्या वैज्ञानिक संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण लिपिडाच्या पदरात सामावते. म्हणूनच अशा वाहकांच्या अभ्यासात ते वारंवार घेतले जाते.

प्रत्यक्ष वापरात आलेली उत्पादने जखमेच्या आसपासची आहेत. एलिझॉल या जेलमध्ये मोनोओलीन व तिळाच्या तेलात मेट्रोनिडॅझोल हे जीवाणूनाशक औषध असते. हिरड्यांच्या फटीतील द्रव लागताच ते घट्ट होते. कॅम्यूरस या स्वीडिश कंपनीचे एपिसिल कर्करोगाच्या उपचारांनी सोललेल्या तोंडावर संरक्षक पापुद्रा धरते. त्यात औषध नसते. नुसत्या आच्छादनाने वेदना कमी होतात. जखमेशी संबंध नसलेले, पण याच तत्त्वावरील ब्युप्रेनॉर्फिन या अफूसारख्या द्रव्यांच्या व्यसनावरील औषधाचे आठवडी व मासिक इंजेक्शन (बुविडाल) २०१८ मध्ये युरोपीय संघात मंजूर झाले. चिघळलेल्या किंवा मधुमेही जखमांबाबतचा पुरावा मात्र बहुतांशी प्रयोगशाळेतला आणि प्राण्यांवरचा आहे. मोठ्या रुग्णचाचण्यांवाचून त्याला उपचार म्हणणे घाईचे ठरेल.

अडचणी लिपिडाच्या स्वभावातूनच येतात. मोनोओलीनमधील दुहेरी बंधामुळे ते हवेत खवट होऊ शकते आणि जास्त मात्रेत पेशींच्या आवरणालाही इजा करते. शिवाय त्यातील डोके व शेपटी जोडणारा एस्टर बंध लायपेझ हे विकर तोडते, आणि जखमेत वाढणारे काही जीवाणू स्वतःच लायपेझ सोडतात. सौंदर्यप्रसाधनांत वापरले जाणारे फायटॅनट्रायॉल घनीय रूप घेते आणि त्यात एस्टर बंध नसल्याने लायपेझपुढे टिकते. पण त्याच कारणाने ते जखमेत आपोआप विघटित होऊन नाहीसे होत नाही. औषध किती दिवस सोडायचे आणि ड्रेसिंग किती दिवसांनी बदलायचे, यावर दोहोंतली निवड ठरते.