मॉर्गन डॉलर : टांकसाळीचे आकडे दिशाभूल का करतात

1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 साली पाडलेल्या मॉर्गन डॉलरचे, म्हणजे अमेरिकेच्या चांदीच्या एक डॉलर नाण्याचे, मोल वर्ष, टांकसाळीची खूण आणि झीज पाहून ठरते, हे संग्राहकांना सांगायला नको. घोळ होतो तो कॅटलॉगमधल्या 'किती नाणी पाडली' या रकान्यापाशी. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत 1901 साली 69 लाख 62 हजार डॉलर पाडले गेले, तरी त्या वर्षाचे न वापरलेले, कोरे नाणे मिळणे मुश्कील. नेवाडातल्या कार्सन सिटीच्या टांकसाळीत 1884 साली जेमतेम 11 लाख 36 हजार पाडले गेले, आणि तिथले करकरीत नाणे आजही सहज हाती लागते.

मुळात ही नाणी लोकांना हवी म्हणून पाडलीच नव्हती. 1873 च्या कायद्याने चांदीचा डॉलर बंद झाला, तसा पश्चिमेकडच्या खाणमालकांनी गिल्ला केला आणि 1878 पासून दरमहा किमान 20 लाख डॉलरची चांदी घेणे सरकारवर बंधनकारक झाले. व्यवहार नोटांवर चालला. डॉलर पोत्यांत भरून तिजोरीत पडून राहिले.

त्यातली पोती बाहेर निघाली ती हिंदुस्थानसाठी. पहिल्या महायुद्धात इथून प्रचंड माल जात होता आणि त्याचे मोल रुपयांत चुकते करायचे होते. लोक रुपये साठवत, नोटा परत करून नाणी मागत. सरकारने 1917 साली एक रुपयाची आणि 1918 साली अडीच रुपयांची नोट काढून पाहिली, पण चांदीचा साठा आटतच गेला. अखेर 23 एप्रिल 1918 रोजी अमेरिकेत कायदा झाला : 35 कोटींपर्यंत डॉलर वितळवा आणि चांदी ट्रॉय औंसाला (सुमारे 31.1 ग्रॅम) एक डॉलर भावाने विका. प्रत्यक्षात 27 कोटी 2 लाख 32 हजार 722 नाणी वितळली. त्यांतल्या सुमारे 26 कोटींची चांदी हिंदुस्थानच्या वाट्याला आली. एका डॉलरमधल्या शुद्ध चांदीत सव्वादोन रुपये बसत. मुंबईच्या टांकसाळीतल्या त्या काळच्या पंचम जॉर्ज रुपयांत मॉर्गन डॉलरची चांदी मिसळलेली असण्याची शक्यता दाट आहे.

कोणत्या वर्षाची, कोणत्या टांकसाळीची किती नाणी भट्टीत गेली, याची नोंद मात्र ठेवली गेली नाही. सगळा घोळ तिथला. फिलाडेल्फियाच्या 1895 च्या दप्तरात चलनासाठी 12 हजार नाणी दिसतात. त्यांतले खात्रीचे एकही आजवर सापडलेले नाही. कुणी म्हणतात 1918 मध्ये वितळली, कुणी म्हणतात पाडलीच नव्हती. हाती आहेत ती संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेली 880 'प्रूफ' नाणी, आणि म्हणूनच त्यांचे भाव डोळे पांढरे करणारे.

या कायद्याचे खरे लाभार्थी कोण, हाही वादाचा मुद्दा. वितळवलेली चांदी अमेरिकी खाणींकडूनच एक डॉलर भावाने भरून काढायची, असे कलम त्यात होते. नंतर बाजारभाव बराच कोसळला, तरी खरेदी त्याच भावाने झाली. हिंदुस्थानची नड खाणमालकांच्या चांगलीच पथ्यावर पडली, असे म्हणायला जागा आहे. 1921 चा मॉर्गन आज सगळ्यांत स्वस्त मिळतो, तो या भरपाईपोटी कोट्यवधी नाणी पाडली गेल्यामुळे.

पुढचा धक्का 1962 चा. न्यू ऑर्लिन्सचा 1903 चा डॉलर तोवर दुर्मीळ मानला जाई; तिजोरीतून त्याची पोतीच निघाली आणि भाव गडगडला. 1964 साली सरकारने नोटांच्या बदल्यात डॉलर देणे थांबवले, तेव्हा मागे उरलेल्यांत कार्सन सिटीचे जवळजवळ 30 लाख निघाले. एकट्या 1884 चे त्यांत साडेनऊ लाखांहून जास्त होते. ते 1972 ते 1980 दरम्यान टपालाने बोली मागवून विकले गेले. जानेवारी 1980 मध्ये चांदी औंसाला 50 डॉलरच्या घरात गेली आणि साधी नाणी पुन्हा भट्टीत पडली. तीही मोजली गेली नाहीत.

सामान्य वर्षाच्या झिजलेल्या नाण्याचा भाव आज मोडीच्या आसपासच राहतो : शुद्ध चांदी 0.7734 औंस. नाणे घेण्याआधी वजन 26.73 ग्रॅम आणि व्यास 38.1 मिलिमीटर भरतो का ते पाहावे, कारण नकली नाणी भरपूर आहेत. कार्सन सिटीचे नाणे सरकारी विक्रीतल्या मूळ प्लास्टिकच्या डबीत असेल तर ते बाहेर काढू नये. गिऱ्हाईक त्या डबीचेही वेगळे पैसे मोजते.