कार्डावरचे ‘दोन टक्के’ कोणी द्यायचे?

‘कार्डने पैसे दिले तर दोन टक्के जादा द्यावेच लागतात, बँकेचा नियमच आहे.’ काउंटरवर इतक्यांदा ऐकल्यावर हे खरे वाटणे स्वाभाविकच आहे.

यात खरे एवढेच, की कार्ड व्यवहारावर बँक शुल्क घेते. पण ते दुकानदाराला मिळणाऱ्या रकमेतून कापले जाते. आपल्याकडे डेबिट कार्डासाठी १ जानेवारी २०१८ पासूनचा नियम स्पष्ट आहे : वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या दुकानाला मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, इतरांना ०.९० टक्के; आणि हा बोजा ग्राहकावर टाकायचा नाही. म्हणजे ‘दोन टक्के’ हा आकडाच इथे बसत नाही. रुपे डेबिट कार्डावर तर २०२० पासून हे शुल्क शून्य आहे. क्रेडिट कार्डाला मात्र अशी कमाल मर्यादा नाही. माझ्या मते गोंधळ तिथूनच पसरतो.

पडताळणी सोपी आहे. बिलावरची रक्कम आणि मशीनच्या चिठ्ठीवरची रक्कम ताडून पाहा. चिठ्ठीवर सहसा मशीन देणाऱ्या बँकेचे नाव छापलेले असते. डेबिट कार्डावर जादा रक्कम घेतली असेल, तर दोन्ही कागद जोडून त्याच बँकेकडे तक्रार करा, कारण दुकानदाराशी करार तिचा असतो.