संत पॅट्रिक दिन (आयर्लंड)

आयर्लंडचा संरक्षक संत पॅट्रिक ह्याच्या स्मरणार्थ १७ मार्च रोजी पाळला जाणारा धार्मिक सण व राष्ट्रीय सुटी. आयरिश भाषेत त्यास ‘लॉ एले पॉड्रिग’ म्हणतात. न्यूयॉर्कची मिरवणूक किंवा शिकागोची हिरवी केलेली नदी सर्वपरिचित आहे. आयर्लंडमधील वयस्कर माणसांच्या आठवणीतला हा दिवस मात्र त्याहून शांत, काहीसा गारठलेला आणि बराचसा घरगुती आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

तिथी : १७ मार्च हा पॅट्रिकचा मृत्युदिन मानतात. वर्षाविषयी एकमत नाही. आयरिश बखरींत इ. स. ४६१ च्या आसपासचे आणि ४९३ असे दोन उल्लेख येतात. ४३१ मध्ये पोपने पॅलेडियस नावाच्या बिशपला आयर्लंडला धाडल्याची नोंद आहे. त्या आधारे आयरिश भाषेचे अभ्यासक टी. एफ. ओराहिली ह्यांनी १९४२ मध्ये ‘दोन पॅट्रिक’ असल्याचा सिद्धांत मांडला. दोघांच्या कथा एकमेकींत मिसळल्या, हे त्याचे सूत्र. सिद्धांत जसाच्या तसा आता फारसे कोणी स्वीकारत नाही. पण मिसळण झाल्याचे बहुतेक मान्य करतात आणि कल पाचव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे दिसतो. पॅट्रिकचे स्वतःचे म्हणून मानले जाणारे दोन लॅटिन लेख उपलब्ध आहेत. सोळाव्या वर्षी झालेले अपहरण, सहा वर्षांची गुलामी व सुटका ही हकीकत त्यांत आहे; पॅट्रिकने आयर्लंडमधून साप हाकलल्याची किंवा त्रिदल पानाची लोकप्रिय कथा त्यांत नाही. सापांपासून मुक्त बेट म्हणून आयर्लंडची ख्याती पॅट्रिकच्याही आधीची आहे. सोलायनस ह्या लॅटिन लेखकाने तिसऱ्या शतकाच्या सुमारासच तेथे साप नसल्याचे लिहून ठेवले आहे.

सतराव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभी, वॉटरफर्डचा फ्रान्सिस्कन विद्वान ल्यूक वॉडिंग ह्याच्या खटपटीने हा सण रोमच्या प्रार्थनाग्रंथात आला. सार्वजनिक सुटीचा कायदा १९०३ चा. सण पवित्र आठवड्यात (ईस्टरपूर्वीच्या आठवड्यात) आला, तर चर्च तो पुढेमागे हलवते : १९४० मध्ये तो ३ एप्रिलला, तर २००८ मध्ये १५ मार्चला साजरा झाला. सरकारी सुटी मात्र १७ लाच राहते.

शॅमरॉक : टोपीला किंवा कोटाला शॅमरॉक ह्या तीन पानांच्या वनस्पतीची जुडी लावणे ही दिवसाची ओळख. आयरिश ‘शॅमरोग’ म्हणजे ‘लहान क्लोव्हर’ (क्लोव्हर ही तीन पानांची चाऱ्याची वनस्पती). ह्या दिवशी तो लावल्याचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख टॉमस डाइनली ह्या इंग्रज प्रवाशाच्या १६८१ च्या टिपणांत आहे. सर्व थरांतले लोक टोपीवर क्रूस लावतात आणि सामान्य जन शॅमरॉक, असे तो म्हणतो. पॅट्रिकने तीन पानांवरून त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव ही ख्रिस्ती कल्पना) समजावले ही कथा प्रथम केलेब थ्रेल्केल्डच्या १७२६ च्या सुमारास निघालेल्या वनस्पतिग्रंथात मिळते, म्हणजे संताच्या मृत्यूनंतर बाराशे वर्षांनी. थ्रेल्केल्ड वैद्य होता आणि धर्मोपदेशकही. त्यामुळे शॅमरॉक ‘भिजवण्याच्या’ निमित्ताने होणाऱ्या मद्यपानाविषयीची नाराजीही त्याने त्याच नोंदीत टाकली आहे.

शॅमरॉक म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, हा वाद वाजवीपेक्षा जास्त शाई खाऊन बसला आहे. सोळाव्या शतकातील इंग्रज लेखक आयरिश लोक शॅमरॉक खातात असे लिहितात. त्यावरून जे. ई. बिचेनो ह्यांनी १८३० मध्ये मत मांडले, की मूळ शॅमरॉक हा आंबट पानांचा, आपल्याकडील आंबुटीच्या प्रजातीतला ऑक्झॅलिस ॲसिटोसेला असावा. हे मत टिकले नाही. निसर्ग-अभ्यासक नेथनिएल कॉल्गन ह्यांनी १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत वेगळी वाट धरली. ‘तुम्ही ज्याला खरा शॅमरॉक म्हणता तो मुळासकट पाठवा’, असे त्यांनी निरनिराळ्या परगण्यांतील लोकांना कळवले. मार्चमध्ये नुसत्या पानांवरून जाती ओळखता येत नाहीत, म्हणून आलेली रोपे त्यांनी लावली आणि फुले येण्याची वाट पाहिली. सुमारे निम्मी रोपे ट्रायफोलियम डुबियम ह्या बारीक पिवळ्या फुलांच्या क्लोव्हरची निघाली, एक तृतीयांश ट्रायफोलियम रेपेन्सची (पांढरा क्लोव्हर). उरलेल्यांत तांबडा क्लोव्हर आणि आपल्या लसूणघासाच्या प्रजातीतली मेडिकागो लुपुलिना होती. १९८८ मध्ये चार्ल्स नेल्सन ह्यांनी हीच पाहणी पुन्हा केली, तेव्हा पहिल्या दोन जातींचे प्रमाण ४६ व ३५ टक्के आले. शंभर वर्षांत लोकांची निवड फारशी हलली नव्हती. ‘आमच्याच शेतातला शॅमरॉक खरा, शेजारगावचा नुसता क्लोव्हर’ हा अभिमान वनस्पतिशास्त्राला निकालात काढता आलेला नाही. तशी गरजही नाही.

घरातील दिवस : ह्या विषयीचा सर्वांत मोठा साठा आयरिश लोकसाहित्य आयोगाच्या शालेय संग्रहात आहे. १९३७ ते १९३९ ह्या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील ५०,००० च्या आसपास मुलांनी आजी-आजोबांकडून व शेजाऱ्यांकडून ऐकलेले वह्यांत लिहून आणले. त्यामुळे त्यातली सणाची आठवण बव्हंशी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे. संग्रह २६ परगण्यांपुरता असल्याने उत्तर आयर्लंड त्यात नाही.

आज जवळजवळ लुप्त झालेली एक वस्तू ह्या साठ्यात वारंवार भेटते : मुलांचा ‘पॅट्रिकचा क्रूस’. मुलगे पांढऱ्या कागदाचा वीतभराहून लहान चौकोन घेत, कंपासने वर्तुळ काढून आत पाकळ्या आखीत आणि रंग भरीत. रंग घरचेच : पिवळा अंड्याच्या बलकाचा, हिरवा चुरगळलेल्या गवताचा, निळा धुण्याच्या निळीचा. तो टोपीला लावायचा. मुलींचा क्रूस वेगळा. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या आडव्या-उभ्या जोडून त्यांवर रंगीत रेशमी फिती गुंडाळीत, मधोमध हिरव्या रेशमाचे फूल. तो खांद्यावर किंवा छातीवर. फितीचे तुकडे मिळवण्यासाठी आईच्या शिवणाच्या पेटीभोवती आधीचे काही दिवस घिरट्या घालाव्या लागत. काही भागांत घरातले वडील माणूस वाळुंजाची काटकी चुलीत जाळून तिच्या कोळशाने प्रत्येकाच्या बाहीवर क्रूस काढी. विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या प्रथा मागे पडल्या आणि तयार बिल्ले आले.

दिवस लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात येतो, हे लक्षात घेतल्याखेरीज त्याची गोडी कळत नाही. ह्या एका दिवशी नियम सैल होत. मोठ्यांच्या ताटात मांस येई. मिठाई सोडलेली मुले साठवून ठेवलेल्या गोळ्यांच्या डब्याचे झाकण उघडीत. सकाळी मिस्सा (चर्चमधील सामूहिक उपासना), पुष्कळदा आयरिशमधून. दुपारी उकडलेले डुकराचे मांस, कोबी आणि बटाटे. मिठवलेले गोमांस ही अमेरिकेतील आयरिशांची रीत. संध्याकाळी पुरुष ‘पॅट्रिकचा प्याला’ घेत. शेवटच्या प्याल्यात दिवसभर कोटावर मिरवलेला शॅमरॉक बुडवायचा, शुभचिंतन करून पेला रिकामा करायचा आणि तळाशी राहिलेली जुडी डाव्या खांद्यावरून मागे फेकायची.

शेतकऱ्याचे पंचांगही ह्या दिवसाशी बांधलेले होते. बटाट्याची लावणी ह्या सुमारास सुरू व्हावी, असा पश्चिमेकडे संकेत. ‘माझ्या दिवसापासून एक दिवसाआड हवा चांगली,’ असे संत ब्रिजिट (१ फेब्रुवारी) म्हणते आणि पॅट्रिक म्हणतो, ‘माझ्यापासून रोजच.’ तो दगडाची उबदार बाजू वर करतो, असेही म्हणतात. मिरवणुकीत भिजलेल्यांच्या आठवणी ह्याला दुजोरा देत नाहीत.

पबबंदी : लोकस्मृती व दप्तर ह्यांतील तफावतीचा हा ठळक नमुना आहे. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश स्वतंत्र राज्यात केव्हिन ओहिगिन्स मंत्री असताना, १९२० च्या दशकातील मद्यविक्री कायद्यांनी ह्या दिवशी पब बंद ठेवले. १९७० च्या दशकापर्यंत हीच स्थिती होती, असे अनेकजण खात्रीने सांगतात आणि परदेशी लेखनातही तेच उतरले आहे. वस्तुतः १९६० च्या कायद्याने मर्यादित वेळेसाठी विक्री खुली झाली. म्हणजे १९६१ चा सण हा पबचा पहिला. घोटाळ्याचे कारण बहुधा गुड फ्रायडे असावे. त्या दिवसाची बंदी २०१८ पर्यंत टिकली आणि दोन कोरडे दिवस आठवणीत एकमेकांत सरकले. बंदीच्या काळात डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागातील श्वानप्रदर्शनात मात्र पेय मिळे. परिणामी कुत्र्यांविषयी कधी आस्था न दाखवलेली मंडळी त्या दिवशी तेथे हटकून दिसत, आणि ‘अशा जागी कुत्रे आणतेच कोण?’ हा विनोद पिढ्यानपिढ्या सांगितला गेला.

तेव्हाचे पंतप्रधान इमॉन डी व्हॅलेरा ह्यांच्या १७ मार्च १९४३ च्या नभोवाणी भाषणाचेही असेच झाले. काटकसरीने राहणाऱ्या, समाधानी ग्रामीण आयर्लंडचे स्वप्न त्यांनी त्यात रंगवले. ‘चौरस्त्यावर नाचणाऱ्या सुंदर मुली’ असे त्याचे वर्णन आजही होते. भाषणात चौरस्ता नाही आणि नाचही नाही.

मिरवणूक व खेळ : १९५० पूर्वी डब्लिनमध्ये लष्करी संचलन असे. त्या वर्षापासून देशी उद्योगांची मिरवणूक आली. मालमोटारींवर कारखान्यांचे देखावे येत. फुकट मिळालेल्या नमुन्यांची आठवण देखाव्यांहून पक्की राहिली. पुढे अमेरिकेतून वाद्यपथके येऊ लागली. लोकरी कोटांत गुरफटलेल्या डब्लिनकरांना आखूड झग्यांतल्या, थंडीने गुडघे जांभळे झालेल्या मुलींचे कौतुक आणि दया एकाच वेळी वाटे. आजचा सरकारपुरस्कृत महोत्सव १९९६ पासूनचा. गावोगावचे ट्रॅक्टर व शाळेची मुले ही मिरवणूक बहुधा त्याच्या बाहेरच राहिली आहे. बेलफास्टच्या मध्यवर्ती भागातील मोठा सोहळा तर १९९० च्या दशकाच्या अखेरीचा.

डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावरील, हर्लिंग व गेलिक फुटबॉल ह्या देशी खेळांच्या आंतरप्रांतीय रेल्वे चषकाचे अंतिम सामने १९२७ पासून ह्या दिवशी होत. १९५० च्या दशकात चाळीस हजारांवर प्रेक्षक येत. १९६२ मध्ये ते दूरचित्रवाणीवर दाखवले गेले. नंतर प्रेक्षक आटले आणि जागा क्लबांच्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्यांनी घेतली.

परदेशी : स्थलांतरितांच्या आठवणीत मिरवणुकीआधी टपाल येते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या शॅमरॉकचा छोटा डबा लंडन, बॉस्टन वा सिडनीकडे निघे आणि बहुधा सुकून, काळवंडून पोहोचे. तरी तोच कोटावर लागे. बॉस्टनमधील सोहळा १७३७ चा आणि न्यूयॉर्कची मिरवणूक १७६२ ची मानतात. ब्रिटिश फौजेतील आयरिश शिपायांना शॅमरॉक लावण्याची मुभा व्हिक्टोरिया राणीने बोअर युद्धातील कामगिरीनंतर १९०० मध्ये दिली. अशाच कॅथलिक आयरिश शिपायांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुण्याच्या लष्कर भागालगत उभे राहिलेले सेंट पॅट्रिक चर्च आज तेथील कॅथेड्रल आहे.

कोविडच्या साथीमुळे २०२० मध्ये मिरवणुका रद्द झाल्या. त्या १७ मार्चच्या रात्री तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर दूरचित्रवाणीवरून देशाशी बोलले. त्यांचे वडील मुंबईचे, आणि घराण्याचे मूळ गाव मालवण तालुक्यातील वराड.