मिसिसिपीचे ते वळण: व्हिक्सबर्गच्या वेढ्याची पार्श्वभूमी

व्हिक्सबर्गपाशी मिसिसिपी नदी तेव्हा मोठा वळसा घेई. पूर्वेच्या काठावर उंच टेकड्या, टेकड्यांवर गाव आणि नदीवर रोखलेल्या तोफा. वळणावर बोटीला वेग कमी करावाच लागे आणि नेमकी तिथेच ती तोफांच्या माऱ्यात सापडे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा निकाल गेटिसबर्गच्या माळावरच्या, जुलै १८६३ मधल्या लढाईत लागला असे बहुतेक जण मानतात. मला तो या वळणावर लागलेला दिसतो.

नोव्हेंबर १८६० मध्ये अब्राहम लिंकन निवडून आले. नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू द्यायची नाही, ही त्यांची भूमिका दक्षिणेतल्या मळेवाल्यांना मानवणारी नव्हती. एकेक करत दक्षिणेतली सात राज्ये देशातून फुटली, एप्रिल १८६१ मध्ये युद्धाला तोंड फुटले आणि मग आणखी चार राज्ये त्यांना जाऊन मिळाली. हे युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी होते असे आजही कोणी कोणी सांगतात. त्यांनी मिसिसिपी राज्याने फुटताना काढलेला जाहीरनामा वाचावा. आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे, असे त्यात सुरुवातीलाच लिहिले आहे. त्या वेळी देशात सुमारे ४० लाख माणसे गुलाम होती आणि दक्षिणेचा कापूस त्यांच्याच घामावर पिकत होता.

हा कापूस समुद्राकडे नेणारी वाट म्हणजे मिसिसिपी. पलीकडच्या टेक्सास, आर्कान्सा, लुईझियानातून फुटीरांना मिळणारी रसदही तीच ओलांडून येई. १८६२ च्या मध्यापर्यंत नदीकाठची न्यू ऑर्लिन्स आणि मेम्फिस ही शहरे उत्तरेच्या, म्हणजे लिंकन यांच्या सरकारच्या, हाती आली. वाटेत उरली दोन मोठी ठाणी, व्हिक्सबर्ग आणि पोर्ट हडसन.

उत्तरेचे सेनापती युलिसिस ग्रँट यांनी हिवाळाभर दलदलीतून वाट काढायचे प्रयत्न केले, कालवेही खणून पाहिले. सगळे फसले. मग १६ एप्रिल १८६३ च्या रात्री उत्तरेच्या युद्धनौका तोफांच्या भडिमारातून गावासमोरून खाली निघून गेल्या. पश्चिम काठाने चालत आलेले सैन्य ३० एप्रिलला गावाच्या दक्षिणेला नदी पार झाले. पुढच्या १७ दिवसांत ग्रँट यांनी पाच लढाया जिंकल्या, मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन घेतली आणि दक्षिणेचे सेनापती पेंबर्टन यांना व्हिक्सबर्गच्या तटबंदीत कोंडले. १९ आणि २२ मे रोजी तटबंदीवर केलेले हल्ले मात्र रक्तबंबाळ होऊन परतले. उरला तो वेढा.

गावात तोफगोळे पडू लागले तेव्हा लोक टेकड्यांच्या मऊ मातीत गुहा खोदून राहू लागले. काहींनी त्यांत सतरंज्या, पलंगही नेले. धान्य संपत आले आणि सैनिक खेचराचे मांस खाऊ लागले. कागदच उरला नाही, तेव्हा गावातले वर्तमानपत्र भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाच्या पाठीवर छापले गेले.

वेढा चालू असतानाच, ७ जूनला, नदीपलीकडे मिलिकन्स बेंड इथल्या तळावर दक्षिणेच्या तुकड्यांनी हल्ला केला. तळ राखणारे बहुतेक सैनिक कालपरवापर्यंत आसपासच्या मळ्यांवर गुलाम होते. हातात बंदुका येऊन त्यांना जेमतेम काही आठवडे झाले होते, कवायतही धड झालेली नव्हती. ते संगिनींनी लढले, बंदुकांच्या दस्त्यांनी लढले. शेकडो जण मारले गेले किंवा जखमी झाले, पण तळ राहिला. या लढाईला चार ओळींत गुंडाळतात, याचे मला फार वाईट वाटते.

४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, पेंबर्टन शरण आले. सुमारे २९,५०० सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली. गेटिसबर्गहून दक्षिणेचे दुसरे सेनापती ली यांची माघार सुरू झाली तीही त्याच दिवशी. पण ली यांचे सैन्य निसटले, इथले अख्खे सैन्यच हाती आले. ९ जुलैला पोर्ट हडसनही पडले, नदी मोकळी झाली आणि फुटीर राज्यांचे दोन तुकडे झाले.

दहा वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना त्यांनी तो अर्पण केला होता. ती अर्पणपत्रिका वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मिलिकन्स बेंडच्या काठावरचे ते शिपाई येतात.