दाभोळ वीज प्रकल्प : करारात अडकलेल्या सरकारची पार्श्वभूमी

कोकणात आज रिफायनरी, बंदर किंवा औष्णिक वीज प्रकल्पाचा विषय निघाला की जुनी माणसे ‘एन्रॉन’चे, म्हणजे दाभोळ वीज प्रकल्प उभारणाऱ्या अमेरिकी ऊर्जा कंपनीचे, नाव काढतात. दाभोळ हे बंदर वाशिष्ठीच्या खाडीच्या उत्तरेला, दापोली तालुक्यात आहे. त्याचे नाव मिळालेला प्रकल्प मात्र दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यातील अंजनवेल आणि वेलदूरच्या परिसरात उभा राहिला.

१९९१ मध्ये केंद्राने वीजनिर्मिती खासगी आणि विदेशी भांडवलाला खुली केली. एन्रॉनच्या प्रतिनिधींनी भारतात येऊन चर्चा सुरू केल्यानंतर काही दिवसांतच, २० जून १९९२ रोजी, कंपनी आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळ यांच्यात सामंजस्य करार झाला. त्यासाठी स्पर्धात्मक निविदा मागवल्या गेल्या नव्हत्या. वीज महाग पडेल आणि एवढ्या विजेची गरजही नाही, असे सांगून जागतिक बँकेने १९९३ मध्ये या प्रकल्पाला कर्ज देण्यास नकार दिला. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी वीस वर्षांचा वीज खरेदी करार झाला. प्रकल्पासाठी स्थापन झालेल्या दाभोळ पॉवर कंपनीत एन्रॉनचा वाटा ८० टक्के होता. जनरल इलेक्ट्रिक आणि बेकटेल या अमेरिकी कंपन्यांचा प्रत्येकी दहा टक्के.

माझ्या मते पुढच्या सगळ्या घटनांचे मूळ या करारातच आहे. मंडळाने वीज घेतली नाही, तरी प्रकल्पाच्या क्षमतेपोटी ठरलेला स्थिर आकार कंपनीला द्यावाच लागणार होता. साहजिकच वीज जितकी कमी उचलली जाईल, तितका प्रत्येक युनिटचा दर वाढत जाई. शिवाय देणे डॉलरशी बांधलेले असल्यामुळे रुपया घसरला की बोजा वाढे, आणि इंधनाच्या किमतीतील चढउतारही मंडळाच्याच माथी येई. मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकारची हमी होती आणि राज्याने थकवले तर १९९४ मध्ये केंद्राने दिलेली प्रतिहमी होती. व्यवसायातली जोखीम अशा रीतीने कंपनीच्या खांद्यावरून उतरून करदात्यांवर आली. हे मतदारांसमोर स्पष्टपणे मांडले गेले नाही.

१९९५ च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने या प्रकल्पाविरुद्ध प्रचार केला आणि सत्तेवर आल्यावर ३ ऑगस्टला तो रद्द केला. कंपनीने लंडनमध्ये लवादाची कारवाई सुरू केली, फेरवाटाघाटी झाल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारने प्रकल्पाला पुन्हा मान्यता दिली. मूळ करारात ऐच्छिक असलेला दुसरा टप्पा आता बंधनकारक झाला आणि एकूण क्षमता २,१८४ मेगावॅटवर गेली. मे १९९६ मध्ये तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने पायउतार होण्याच्या आदल्या दिवशी सुधारित प्रतिहमीला मंजुरी दिली. सत्तेवरचे पक्ष बदलले, तरी करार टिकून राहिला, आणि ही गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते.

खाडीकाठच्या गावांनी जमीन, पाणी आणि मासेमारीच्या प्रश्नांवर आंदोलने केली. त्यांच्यावर झालेल्या अटका आणि मारहाण यांची नोंद ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने जानेवारी १९९९ च्या अहवालात केली. तेथे तैनात पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, ही बाबही त्यात आहे.

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. पुढच्या दोन वर्षांत मंडळाला बिले भागवणे अशक्य झाले आणि मे २००१ मध्ये त्याने वीज घेणे थांबवले. राज्य सरकारने नेमलेल्या माधव गोडबोले समितीने त्याच वर्षी या प्रकरणात शासनव्यवस्थेच्या अनेक पातळ्यांवर अपयश आल्याचे नोंदवले. डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी स्थापन होऊन प्रकल्प सार्वजनिक क्षेत्राकडे आला आणि त्याबरोबर भारतीय वित्तसंस्थांची अडकलेली कर्जेही आली. कराराबाबत राज्याच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात दीर्घकाळ प्रलंबित होता. एप्रिल २०१९ मध्ये, फार काळ लोटल्याच्या कारणाने, न्यायालयाने ते प्रकरण बंद केले.