कण्हेरीच्या पानामागचे खड्डे

‘कमी पाण्यावर जगणारे सदाहरित फुलझाड’ एवढे वाचून अनेक जण कण्हेर लावतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात ती वाळली म्हणून हळहळतात. पाण्याचा ताण सोसते ते मुरलेले झुडूप. नव्या रोपाची मुळे पिशवीतल्या मातीच्या गोळ्याबाहेर पडलेलीच नसतात. म्हणून पहिले वर्षभर आळे खोलवर भिजवावे आणि वरची माती सुकल्यावरच पुन्हा पाणी द्यावे, म्हणजे मुळे ओलाव्यामागे खाली उतरतात. भरपूर ऊन आणि निचऱ्याची जमीन मात्र हवीच.

पुढची किमया पानाची. वरच्या बाजूला जाड, मेणचट उपत्वचा, तिच्याखाली बाह्यत्वचेचे अनेक थर, आणि पर्णरंध्र, म्हणजे हवा-बाष्पाच्या ये-जेचे सूक्ष्म छिद्र, एकही नाही. पान उलटून भिंगातून पाहिल्यास समांतर शिरांच्या मधल्या पट्ट्यांत फिकट ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे केसांनी भरलेला एक खड्डा असून सगळी पर्णरंध्रे या खड्ड्यांच्या आत दडलेली असतात. खड्ड्यात वारा शिरत नाही, दमट हवा कोंडून राहते आणि त्यामुळे बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानातून वाफेच्या रूपाने पाणी जाणे, घटते, असे आपण शाळेपासून वाचत आलो. परंतु असेच खड्डे असलेल्या ऑस्ट्रेलियातील बँक्सिया या वनस्पतीच्या पानांची गणिती प्रतिरूपे वेगळे सुचवतात: बाष्पाला होणाऱ्या अडथळ्यात रंध्राच्या चिंचोळ्या तोंडाचा वाटा मोठा आणि खड्ड्याचा किरकोळ असतो, खड्ड्याचा खरा उपयोग जाड पानाच्या पोटातील पेशींपर्यंत कार्बन डायऑक्साइडची वाट आखूड करण्याचा आहे. कण्हेरीलाही हेच लागू असावे, असे मला वाटते. म्हणजे पाणी राखतात ती जाड उपत्वचा आणि वेळीच मिटणारी रंध्रे. खड्ड्यामुळे एवढे जाड पान बाळगणे झाडाला परवडते.

फुले नव्या फुटीच्या टोकाला येत असल्याने बहर ओसरल्यावर छाटणी करावी, पण हातमोजे घालून, कारण झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे. त्यातील ऑलिएंड्रिन हे विषारी द्रव्य हृदयाच्या पेशींमधील सोडियम-पोटॅशियम पंप, म्हणजे या क्षारांचा पेशीतला तोल राखणारी यंत्रणा, बंद पाडते. 2020 मध्ये याच द्रव्याचा कोविडवरचा उपाय म्हणून गाजावाजा झाला, तोही माणसांवरील चाचण्यांचा पुरावा नसताना. असल्या ‘नैसर्गिक’ औषधांपासून दूरच राहावे. छाटलेल्या फांद्या जाळू नयेत, कारण धूरही घातक असतो. त्यांतल्या निरोगी काड्या पाण्यात ठेवल्या तरी काही आठवड्यांत मुळे धरतात. मात्र ते पाणी मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडी लागणार नाही, अशा जागी भांडे ठेवावे.